गोपीचंदनाचा ठिपका

आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे एक आजोबा अजून जुनी स्कूटर चालवतात. डिसेंबर लागला की सकाळी ती सुरू व्हायला तयार नसते. ते चोक ओढतात, किका मारतात, कंबर धरून थांबतात, पुन्हा मारतात. मग न जळलेल्या पेट्रोलचा वास जिन्यातून वर चढतो. आजूबाजूच्या बायका नाकाला पदर लावून खिडक्या बंद करतात आणि मी उघडते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मुद्दाम पेट्रोलचा वास घेतात, अशी माझी कीर्ती आहे. असू दे.

त्या वेळी माझ्या गॅसवर मुगाची हुग्गी रटरटत असते. इकडे पुण्यात धुंधुरमास म्हणजे बाजरीची भाकरी, लोणी आणि रविवार बघून चार जणांना बोलावणं. आमच्याकडे कुंभकोणमला, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेल्या तंजावरी मराठी घरांत, महिनाभर रोज पहाटे नैवेद्य. तांदूळ, मूगडाळ, मिरी, जिरं, वर तूप, सोबत चिंचेचं आंबटगोड गोज्जू. आभाळात चांदण्या दिसताहेत तोवर नैवेद्य झाला तर उत्तम, चांदण्या विझल्यावर झाला तर मध्यम, आणि ऊन पडल्यावर झाला तर काय, ते अप्पा तोंडानं सांगत नसत, नुसते बघत. चार वाजता विहिरीचं पाणी डोक्यावर घ्यायचं, ओल्या केसांना पंचा गुंडाळायचा आणि चुलीशी बसायचं. तिकडची थंडी ती काय! पण माणसं कानाला मफलर बांधून अशी फिरत की पुणेकरांनी पोट धरून हसावं.

हुग्गी मी कितीतरी वर्षं रांधते आहे. पण मिरी आणि पेट्रोल हे दोन वास पहिल्यांदा एकत्र आले ते एका धनुर्मासात. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना. माझा अण्णा मस्कतहून परत आला होता, तो हिवाळा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीपाद. सात वर्षं तिकडे मोटारींच्या वर्कशॉपमध्ये होता. त्यानं समुद्र ओलांडला, वर्षातून एकदा मठात अंगावर तापल्या मुद्रा घेणं सोडलं, म्हणून अप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तो सुटीवर आला की एका पंगतीला बसायचे, पण बोलायचे माझ्यामार्फत. "सरसू, तुझ्या अण्णास विचार, कॉफी होणें की म्हणून." अण्णा हातभर अंतरावर बसलेला. मी वळून विचारायची, "अण्णा, कॉफी होणें की?" तो म्हणायचा, "होणें म्हणून सांग." मी पुन्हा अप्पांकडे वळायची. 'हवी' म्हणायला आम्ही 'होणें' म्हणतो. पुण्यात आल्यावर या एका शब्दासाठी माझी किती थट्टा झाली! पण त्या घरात दोन माणसांमधली सगळी ये-जा या एका शब्दावर चालली होती, ते या लोकांना काय ठाऊक.

या खेपेला तो सुटीवर आला नव्हता. कायमचा राहायचं म्हणून आला होता, आणि येताना जहाजातून गाडी घेऊन आला होता. पांढरी, जपानी, दहाएक वर्षं वापरलेली, चालवायचं चाक उलट्या बाजूला. घर अरुंद म्हणून ती ओट्यासमोर गल्लीतच उभी असायची. अम्माची पंचाईत व्हायची. पहाटे सडा घालून कोलम काढायची ती जागा गाडीनं अडवलेली. दोन दिवस ती कुरकुरली, तिसऱ्या दिवशी चाकांना वळसा घालून तिनं कोलम काढला. तेल ठिबकलेल्या जागेभोवती एक कमळ काढलं. अम्माचं सगळ्याच गोष्टींशी असं जमून जायचं.

गाडीला कार्बोरेटर नव्हता. आमच्या गावात तेव्हा ही गोष्ट कोणाला पटायची नाही. मेकॅनिक येऊन बॉनेटमध्ये डोकं घालून कार्बोरेटर शोधायचे. तिच्यात चार इंजेक्टर होते, पेट्रोलचा फवारा मारणारे, आणि किती वेळ मारायचा ते ठरवायला आसनाखाली एक पत्र्याची पेटी, म्हणजे कंप्यूटर. बंदरात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि त्यात इंजेक्टर चिकटून गेले. तसले इथे मिळेनात. अण्णानं मद्रासच्या भंगार बाजारातून चार मिळवले, पण ते मोठ्या एंजिनाचे. भोकं मोठी. बसायला बसले. कंप्यूटर मात्र जुनाच.

"मग काय झालें?" मी विचारलं होतं. मला त्यात रस होता असं नाही. सात वर्षांनी भाऊ कायमचा घरात होता, त्याच्याजवळ बसायला निमित्त हवं होतं.

"अम्मास म्हण, वरणांत दोन पळ्या तूप घाल. ती दोन पळ्या घालेल," अण्णा म्हणाला. "आतां पळी काढून तेथें डाव ठेव, आणि अम्मास सांगूं नक्को. ती दोन मोजून घालेल. वरण कोण जेवणार?"

"अम्मास दिसेल की."

"अम्मास दिसतें. कंप्यूटरास दिसत नाहीं. तें शहाणें नव्हे, सरसू. आज्ञाधारक तेवढें."

त्याला बदलता येत नाही, म्हणजे फसवायचं. एंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक झडप असते. हवेनं ती जितकी ढकलली जाईल तितकी हवा आली असं कंप्यूटर धरतो आणि त्या मानानं पेट्रोल सोडतो. झडपेला एक स्प्रिंग, स्प्रिंगला एक दातेरी चाक, आपल्या घड्याळात असतं तसं, जरा मोठं. चाक एकेक दात फिरवून स्प्रिंग ताणली की झडप जड होते, कमी ढकलली जाते. कंप्यूटरला वाटतं हवा थोडी आली, मग तो हात आखडतो. डाव मोठा, पण आता एकच डाव. हे सगळं ज्या डबीत होतं तिचं काळं झाकण अण्णानं पात्यानं कापून काढलं. चाकाची मूळ जागा कुठली होती त्याची खूण हवी. पहाटेची वेळ, पांढरा रंग कुठून आणणार? तो उठून देवघरात गेला, सहाणेवर उगाळलेलं गोपीचंदन काडेपेटीच्या काडीवर घेतलं आणि चाक अडवून धरणाऱ्या खिटीसमोरच्या मूळच्या दातावर बारीकसा ठिपका दिला. वाळला की पिवळट, स्वच्छ दिसायचा. "ह्या ठिपक्यापासून खिटीपर्यंत मोजायचें," तो मला म्हणाला. वहीत लिहायचा: ठिपक्यापासून तीन दात, धूर. चार दात, थोडा धूर. सहा दात, बरी.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर तिरुविडैमरुदूरला नटेसन म्हणून भाताच्या गिरणीचे मालक होते. त्यांच्याकडेही अशीच एक परदेशी गाडी झाकून पडली होती, आणि त्यांच्या ओळखीत सिंगापूरहून, आखातातून आलेल्या आणखी पाच-सहा. दारासुरमच्या रस्त्यावर त्यांची रिकामी शेड होती. ते अण्णाला म्हणाले होते, "तुझी गाडी मला तिरुप्पनंदाळला नेऊन न अडखळता परत आणू दे. शेड तुझी. गाड्या मी आणतो." अण्णाच्या मस्कतच्या व्हिसाला अजून महिनाभर मुदत होती. शेड मिळाली तर तो कागद फाडणार होता. नाही मिळाली तर परत जाणार होता. तो जाऊ नये एवढंच मला हवं होतं. त्या वयात देवाकडे माणूस काय काय मागतो. मी मार्गळीभर, म्हणजे तो सगळा धनुर्मास, हेच एक मागत होते.

आणि मग अप्पांना तो ठिपका दिसला.

पहाटे आन्हिक आटोपून ते ओट्यावर आले होते. अण्णा मागे विहिरीवर. बॉनेट उघडं, झाकण बाजूला. अप्पांनी वाकून पाहिलं. मुलानं मुद्रा टाकल्या, कपाळावरचा अक्षता-अंगार टाकला, पण कामाला हात घालताना यंत्राला गोपीचंदन लावलं! त्यांना वाटलं तो नामच आहे, अंगावर लावतात तसा देवाचा. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. त्या सकाळी पंगतीला त्यांनी माझ्याकडे न वळता विचारलं, "हुग्गी वाढूं की?" अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तुलाच रे." तो "वाढा अप्पा" म्हणाला आणि दोघंही खाली माना घालून जेवले.

माती ती मातीच. एंजिनाच्या थरथरीनं ठिपक्याचे पापुद्रे सुटायचे. आणि देवाचा नाम पुसट झालेला अप्पांना कसं चालावं? तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, स्वतःच्या मुद्रा लावून झाल्या की उरलेलं गोपीचंदन बोटावर घेऊन ते बाहेर जायचे, चाकावर पुन्हा नाम लावून यायचे. मूळचा दात कुठला, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. समोर येईल तिथे, बोटाला सोपं पडेल तिथे.

मी हे पाहिलं. पहिल्या दिवशी मला त्यात काही वाटलं नाही, उलट गंमत वाटली. पण अण्णाची वही बिघडत चालली. "काल सहा दातांवर शांत बसली होती, आज सहावर धूर सोडते," तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सहावर ती खोकायची. तो प्लग काढून पुसायचा, काळे झालेले; वायरी तपासायचा; पेटी आसनाखालून काढून मांडीवर घेऊन बसायचा. एका दुपारी मला म्हणाला, "तेथें दुसरे सांगायचे, मी करायचों. माझें मला कळत होतें असें नव्हेच की काय, सरसू?" सात वर्षं वाळवंटात राबलेला माणूस असं विचारत होता. मी भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी. मोजमापाचा आरंभबिंदू हलला की पुढची सगळी मापं हलतात, हे मला परीक्षेत लिहिता येत होतं. त्या दुपारी ते माझ्या डोक्यात लख्ख बसलं.

आणि मी बोलले नाही. कारण सांगते. त्याच संध्याकाळी अप्पा आणि अण्णा ओट्यावर शेजारी बसून कॉफी पीत होते. अप्पा त्याला विचारत होते, मस्कतला पाऊस पडतो का. कॉफीचा डबरा-टंबलर आपल्या हातानं त्याच्यापुढे सरकवत होते. आता मी जाऊन काय सांगू? अप्पा, तो नाम नव्हता, नुसती खूण होती. तुमच्या मुलानं देवाचं गोपीचंदन एंजिनाला खूण करायला वापरलं, आणि तुम्ही रोज त्याचं काम नासवताय? वाटलं, तिरुप्पनंदाळची फेरी होऊ दे, मग हळूच अण्णाला सांगू. शहाणपणा म्हणतात तो हा. झाकली मूठ ठेवायची, आणि आत काय सडतंय ते बघायचं नाही.

फेरीच्या पहाटे मी हुग्गीचं भांडं घेऊन दाराशी उभी होते. अप्पा बाहेर गेले. मोठं काम म्हणून त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच गोपीचंदन घेतलं होतं. चाकावर बोट टेकवलं, हात जोडले. मग अण्णा आला. निघण्याआधी एकदा पाहायची त्याची सवय. ठिपक्यापासून मोजायला लागला आणि सहाच्या जागी दहा भरले. रात्री आपणच चुकून जास्त ताणलं असं तो पुटपुटला आणि त्यानं चार दात सोडले. मी सांगायला उंबऱ्याबाहेर पाय टाकला. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "श्रीपादा, जाऊन ये." सात वर्षांत नावानं हाक मारली नव्हती त्यांनी. अण्णानं वाकून नमस्कार केला. मी हुग्गीचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसले.

थंड एंजिनाला जास्तीचं पेट्रोल आवडतं. म्हणून घरासमोर गाडी छान चालली. तिरुविडैमरुदूरला नटेसन चढले, लुंगीसारखी पांढरी वेष्टी, विभूती, तोंडात विडा. कावेरीचा पूल ओलांडेपर्यंत ते खूश होते. दोन्ही बाजूंना सांबा जातीचं भात ओंबीवर आलेलं, त्यावर धुकं. मग एंजिन तापलं. मागच्या काचेतून मी काळा धूर पाहिला, तो हळूहळू दाट होत गेला. पेट्रोलचा वास आत आला. एका लहानशा पुलाच्या चढावर गाडी दोनदा अडखळली आणि बंद पडली. अण्णानं चावी फिरवली, फिरवली, फिरवली. चुलीत लाकडं जास्त कोंबली की विस्तव विझतो, तसं झालं होतं आत. अण्णानं उतरून बॉनेट उघडलं. नटेसन सज्जन माणूस. मी त्यांना हुग्गी दिली. त्यांनी पुलाच्या कठड्यावर बसून ती खाल्ली, हात धुतला, आणि टाऊन बस आली तिच्यात चढून गेले. अण्णा तसाच उभा होता, हात काळे. त्याच्या तोंडाकडे मी पाहू शकले नाही.

पुढचे सात-आठ दिवस अण्णा एकटाच गाडीपाशी असायचा. अप्पांना पहाटे तिकडे जायला त्यानं वावच दिला नाही, त्यांच्या आधी उठून बसायचा. एका संध्याकाळी तो कसलासा काळा गोंद लावून ती डबी बंद करताना दिसला. झाकण दाबून धरलं होतं, बोटं चिकट झाली होती. "आतां हें कोणीं उघडूं नक्को," तो म्हणाला. मला वाटलं, त्यानं हाय खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नटेसन आमच्या ओट्यावर आले. मी दाराआड कॉफी घेऊन उभी. अप्पा बाजूलाच बसलेले. नटेसन तमिळमध्ये सरळ म्हणाले, "तंबी, यंत्र आहे, बिघडायचंच. मला त्याचा राग नाही. कशानं बिघडलं ते तुला सापडलं का, एवढं सांग. कारण सापडलं असेल तर शेडची किल्ली मी खिशात घेऊन आलोय."

अण्णानं अप्पांकडे पाहिलं. अप्पांच्या कपाळावर, दंडांवर, पहाटेच्या मुद्रा वाळून होत्या. मग तो म्हणाला, "नाही अय्या. कारण सापडलं नाही."

कारण माझ्या तोंडात होतं. मी बाहेर जाऊन कॉफी ठेवली आणि आत आले. नटेसन किल्ली घेऊन परत गेले.

पोंगल झाला आणि अण्णा मस्कतला गेला. निघताना अप्पा स्टेशनवर आले होते. पाचेक वर्षांनी, तिकडच्याच वर्कशॉपमध्ये, सकाळी कामाला उभा राहता राहता तो कोसळला आणि तिथेच गेला. आम्ही त्याला पाहिलंही नाही. अप्पा त्यानंतर खूप जगले. धनुर्मासात पहाटे गाडीवरची धूळ पंच्यानं पुसायचे आणि कधी मध्येच विचारायचे, "सरसू, त्या गाडींत काय बिघडलें होतें गे?" मी म्हणायची, "कळलें नाहीं अप्पा." मी नोकरीसाठी पुण्याला आले होते, सुटीत जायची, आणि दर सुटीत एकदा तरी हा प्रश्न यायचा.

अप्पा गेले, मागोमाग अम्मा गेली. घर रिकामं करायला मी एकटीच गेले. गाडी झावळ्यांच्या आडोशाखाली बसली होती, चाकं मातीत. भंगारवाला येणार होता. तो यायच्या आधी मी बॉनेट उघडलं. का, ते सांगता येत नाही. अण्णाच्या हातचं काहीतरी शेवटचं बघावं, एवढंच असेल. डबीचं झाकण अजून घट्ट होतं. स्वयंपाकघरातली सुरी आणून मी गोंद कापला.

आत धूळ नव्हती. चाकावर गोपीचंदनाचे पाच ठिपके होते, पाच वेगवेगळ्या दातांवर; चारांचे जवळून पाहिलं तरच दिसणारे पुसट डाग उरलेले, पाचवा ठळक. काडीचे बारीक, गोल नव्हेत. बोटानं लावलेले, जरा लांबट, वरून खाली ओढलेले. अप्पांच्या दंडावर असायचे तसेच. अण्णानं त्यातला एकही पुसला नव्हता. आणि एका वेगळ्याच दातावर, जिथे ठिपका नव्हता, सुईनं ओढलेली एक बारीक रेघ होती. न पुसली जाणारी.

मी रेघेपासून खिटीपर्यंत दात मोजले. दोनदा मोजले. सहा भरले.

म्हणजे त्या संध्याकाळी गोंद लावताना त्याला सगळं सापडलेलं होतं. गाडी बरोबर लावून, अप्पांचे ठिपके आत ठेवून, त्यानं झाकण बंद केलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कारण विचारल्यावर त्यानं अप्पांकडे पाहिलं आणि सापडलं नाही म्हणाला. आम्ही दोघं भावंडं, एक दाराच्या आत, एक बाहेर, एकच गोष्ट गिळून उभे होतो, एकाच माणसासाठी. मी आधी बोलले असते तर त्याला ती गिळावी लागली नसती. हे मी स्वतःला कितीही वेळा सांगितलं तरी जुनं होत नाही.

भंगारवाला आला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि तमिळमध्ये विचारलं, "काय बिघडलंय हिचं, अम्मा?"

मी झाकण जागेवर ठेवून हातानं दाबून धरलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "चांगली आहे गाडी."